एकट्याने काढलेली थंडी

७ जानेवारी

लेक आज दुपारच्या बसने गेली. जाताना ही वही हातात ठेवून म्हणाली, "बाबा, रोज काय काय केलंत ते लिहीत जा. मी आले की वाचेन."

"तू वाचणार असशील तर मी खोटं लिहीन," मी म्हटलं.

"बरं, मग नाही वाचणार."

तेव्हा आता खरं लिहायला हरकत नाही.

झालं ते असं. गेल्या महिन्यात एका पहाटे न्हाणीघरातून बाहेर येताना परसातल्या पायरीवर दंव होतं आणि माझा पाय सरकला. मी पडलो म्हणायचं की बसलो, यावर लेकीचं नि माझं एकमत नाही. दूधवाली येईपर्यंत दीड तास मी तिथेच होतो, एवढं मात्र खरं. हाड मोडलं नाही. तुतीच्या उघड्या फांद्यांमधून आभाळ उजळताना पाहिलं, तेही बऱ्याच वर्षांनी. हे लेकीला सांगितलं तर ती रडायलाच लागली. मी गप्प बसायला हवं होतं.

दहा दिवस राहून तिने निकाल दिला. थंडी संपेपर्यंत मला मुदत आहे. तोवर एकट्याने नीट राहिलो, पुन्हा पडलो-झडलो नाही, तर ती अवाक्षर काढणार नाही. नाहीतर मार्चमध्ये येऊन मला शहरात घेऊन जाणार. कायमचं. मी कबूल झालो. रेल्वेच्या फाटकावर चौतीस वर्षं एकट्याने काढलेला माणूस मी, अडीच महिन्यांचं काय घेऊन बसलात!

जायच्या आधी ती शिंप्याकडे ब्लाउजला हूक लावून आणते म्हणून गेली, ती दीड तासाने आली. एका हुकाला दीड तास. शिंपी म्हातारा झाला.

९ जानेवारी

दिवस छान गेला. दूधवाली पूर्वी पातेलं उंबऱ्यावर ठेवून जायची. आज आत आली, दूध तापवलं, पेल्यात ओतलं आणि समोर उभी राहिली.

"काय गं वहिनी, काही हवंय का?"

"काही नाही काका. दुधाला वास येतोय का बघायचं होतं. म्हशीने काय खाल्लंय कोण जाणे. तुम्ही पिऊन सांगा."

प्यायलो. वास नव्हता. तरी उद्या पुन्हा बघायला येते म्हणाली. म्हशीवर एवढा अविश्वास बरा नव्हे.

१६ जानेवारी

गावाला विसरायची साथ आली आहे. सोमवारी शिंपी आला, चष्मा माझ्याकडे राहिला का विचारायला. चष्मा त्याच्या नाकावर होता. आम्ही दोघं चौथीपर्यंत एका बाकावर बसलेलो, त्यामुळे मी काही भीड ठेवली नाही.

"डोकं कुठे ठेवलंयस?"

"तुझ्याकडेच असेल फाटक्या, बघ जरा कोनाड्यात," म्हणाला आणि अर्धा तास बसून चहा पिऊन गेला. फाटकावर नोकरी लागल्या दिवसापासून तो मला याच नावाने हाक मारतो.

मंगळवारी गिरणीवाला चाळणी मागायला आला. पिठाच्या गिरणीत चाळणी नाही! बुधवारी त्याची बायको चाळणी परत द्यायला आली आणि विळी घेऊन गेली. गुरुवारी विळी परत आली, चाळणी पुन्हा गेली. सगळे सकाळी सात ते आठच्या दरम्यान. मला वाचायला निवांत वेळ मिळत नाही. पण म्हणतो, असू दे. एकटा माणूस असलो तरी आपलं घर म्हणजे अडीअडचणीला उपयोगी पडणारं घर आहे, हे काय वाईट?

२३ जानेवारी

दुपारभर उन्हात खाट टाकून जुनी क्रमिक पुस्तकं वाचली. दुसरी ते सातवी, सगळी जपून ठेवली आहेत. हिला त्याचं हसू यायचं. "नातवंडं झाली तरी तुम्ही अजून चौथीतच," म्हणायची. खरंच आहे. पुढच्या इयत्तांतल्या कवितांत दुःख फार. चौथीपर्यंतच्या कवितांत पाखरं असतात, ओढा असतो, आई हाक मारते आणि मूल घरी जातं. आणखी काय पाहिजे?

फाटकावरच्या कोठडीत मी त्या मोठ्याने म्हणत असे. सकाळची गाडी आणि मालगाडी यांच्यामध्ये दोन तास मोकळे. रुळांपलीकडे गुरं चारणारी माणसं ऐकत उभी राहायची. आता तिथे रुळांखालून रस्ता काढलाय. फाटक नाही, कोठडी नाही. गाडी मात्र वेळेवर जाते. तिला माझी गरज होती असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

हे उगाच लिहिलं. पण खोडत नाही.

२ फेब्रुवारी

धुकं. परसातली तुतीसुद्धा दिसेना. दोन ओळी सुचल्या:

धुके उतरले दारी, अन् दार दिसेना झाले;
हाक कुणाची आली, म्हणून घर सापडले.

गिरणीवाल्याला वाचून दाखवल्या. (चाळणी.) त्याने चाळणी काखेत धरली. मग म्हणाला, "काका, तुम्हाला सगळं कळतं का हो?" मी म्हटलं, कविता सगळी कळायची नसतेच.

८ फेब्रुवारी

आज मन थोडं खट्टू आहे. दळण घेऊन गिरणीत गेलो होतो. आतल्या पत्र्याच्या भिंतीवर खडूने वार लिहिलेले दिसले. सोमवार शिंपी, मंगळवार गिरणी, बुधवार गिरणीवाली, असं खाली रविवारपर्यंत. सात वार, सात जण. मी वाचतोय हे बघून गिरणीवाला धावत आला आणि बाहीने सगळं पुसून टाकलं. पांढरा माणूस आणखी पांढरा झाला.

"कसली यादी रे?"

"काही नाही काका. असंच."

"पत्ते कुटायला जमता ना? आज याच्या घरी, उद्या त्याच्या?"

"हो हो! पत्तेच. अगदी बरोबर ओळखलंत."

म्हणजे गावात पत्त्यांचा अड्डा जमलाय आणि मला कुणी विचारलं नाही. मला पत्ते फारसे येत नाहीत हे खरं, पण विचारायला काय जात होतं? शिंप्यानेसुद्धा सांगू नये? दळण मी स्वतः उचलून आणलं. "राहू दे, मी आणतो," म्हणत गिरणीवाला मागे येत होता, त्याला म्हटलं, माझं मी बघतो.

९ फेब्रुवारी

आज सकाळी कुणीही आलं नाही. दूधसुद्धा नाही. सात वाजले, आठ वाजले. आधी बरं वाटलं. मग वाचायला बसलो तर एक ओळ चारदा वाचली. नऊ वाजता दार उघडून उगाच गल्लीत डोकावलो. चिमण्या होत्या.

साडेनऊला मात्र चमत्कार झाला. शिंपी गळ्यात टेप घेऊन, गिरणीवाला नखशिखान्त पिठात, त्याची बायको ओल्या हातांनी, दूधवाली एका पायात चप्पल घालून, आणि न्हावी हातात वस्तरा घेऊन, सगळे एकदम माझ्या दारात! न्हाव्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, गळ्यात पांढरं फडकं तसंच.

मी दारातच बसलो होतो. मला पाहून सगळे थांबले. धापा टाकत एकमेकांकडे बघायला लागले.

"चाळणी," गिरणीवाला म्हणाला.

"विळी," त्याची बायको म्हणाली.

"चष्मा," शिंपी म्हणाला.

न्हावी माझ्या डोक्याकडे बघत होता. "केस वाढलेत का बघायला आलो," म्हणाला.

"वस्तरा घेऊन? पळत?"

"वाढले असते तर लगेच कापता आले असते ना."

मग दूधवाली उंबऱ्यावर बसून रडायला लागली. म्हशीचं काही झालं का विचारलं, तर मान हलवते आणि आणखी रडते. शिंपी गिरणीवाल्यावर खेकसला, "पुसायचं होतं तर दुसरीकडे लिहून ठेवायचं!" गिरणीवाला म्हणाला, "मला वाटलं तुमचा वार आहे." दूधवाली डोळे पुसत म्हणाली, "मी तर आज म्हशीला डॉक्टरकडे नेलं. म्हटलं कुणीतरी येऊन गेलंच असेल."

पत्त्यांच्या डावावरून सकाळी सकाळी एवढं भांडण! मी सगळ्यांना चहा केला. अर्ध्या दाढीवाल्यालाही. कप कमी पडले, दोघांनी पेल्यातून प्यायला. घरात इतकी माणसं ही गेल्यानंतर पहिल्यांदाच बसली असतील. रागावलो होतो ते कधी विसरलो कळलंच नाही.

१० फेब्रुवारी

शिंपी संध्याकाळी चष्म्याशिवाय आला. म्हणजे चष्मा नाकावर, पण कारणाशिवाय. बराच वेळ टेपची गुंडाळी करत बसला.

"फाटक्या, एक काम आहे. नाजूक आहे. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

काम असं. गल्लीच्या टोकाला नर्सबाई राहतात. गावच्या दवाखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली, अर्ध्या गावाला जगात आणलं. आता एकट्या आहेत, गुडघे गेलेत, आणि मानी इतक्या की कुणी मदत करायला गेलं तर दारातून परत पाठवतात. रोज सकाळी कुणीतरी डोकावून यायला हवं. पण त्यांना कळता कामा नये. काहीतरी निमित्त काढून जायचं.

"त्यांना संशय आला तर?" मी विचारलं.

"तुला वाटतं येईल?"

"हुशार बाई आहेत."

शिंप्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं तो हसतोय. पण म्हणाला, "हुशार माणसांनाच लवकर कळत नाही."

मी तयार झालो. निमित्त काय काढावं हा विचार करतोय. चाळणी मागणं मला शोभणार नाही.

११ फेब्रुवारी

निमित्त सापडलं! नर्सबाईंकडे रक्तदाब बघायचं यंत्र आहे. सकाळी सात वाजता दार वाजवून म्हटलं, "बाई, जरा रक्तदाब बघता का? डोकं जड वाटतंय."

वाटलं, हाकलून देतील. पण त्या जणू वाटच बघत होत्या. पट्टा टेबलावर काढून ठेवलेला. वाटलं होतं त्याहून जास्त एकट्या दिसतात बिचाऱ्या.

"बसा. बाही वर करा. बोलू नका."

मी बोलत होतो.

"फाटकवाले, बोलू नका म्हटलं ना. गाडी नाहीये ही, झेंडा दाखवून थांबायची."

पट्टा फुगवला, सोडला, एका डायरीत आकडा लिहिला, वर तारीख आणि माझं नाव. पहिल्याच दिवशी पान आखून तयार. "रोज यायचं. याच वेळी. नाही आलात तर मी येईन." मी मनात हसलो. त्यांना वाटतंय त्या माझी काळजी घेताहेत. वाटू दे. माझ्या दारापासून एकशे बारा पावलं आहेत, तेवढाच व्यायाम.

१८ फेब्रुवारी

लेक वाचणार नाही म्हणून लिहितो. आज न्हाणीघरात पुन्हा पाय सरकला. पडलो नाही. नळाला धरलं. पण त्यानंतर बराच वेळ नळ सोडवेना. मनात आलं, लेकीचं बरोबर असेल. तिच्या घरी लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, नात आहे. नात माझ्या मांडीवर बसून गाड्यांची चित्रं काढते. वाईट काही नाही तिथे. फक्त दुपारी चार वाजता काय करायचं ते कळत नाही.

नर्सबाईंनी पट्टा बांधताना माझा हात पाहिला. "ही खरचट कशाची?"

"भिंतीला लागलं."

त्यांनी आकडा लिहिला. दुपारी गावातला प्लंबर येऊन न्हाणीघराच्या भिंतीत लोखंडी दांडा बसवून गेला. म्हणाला, चुकून एक जास्तीचा आणला होता, कुठेतरी बसवायचा होता. मी म्हटलं, बसव बाबा, तुझी अडचण नको.

२७ फेब्रुवारी

उन्हात बसवत नाही, सावलीत थंडी वाजते, असे दिवस आलेत. सावली-उन्हाच्या मधोमध खाट सरकवत बसतो. मधमाश्या दिसू लागल्या. मटाराचे वेल पिवळे पडले. लेकीचा फोन आला, "बाबा, कसे आहात?" मी म्हटलं, ठणठणीत, एकटा मजेत आहे. मागून दूधवाली ओरडली, "काका, दूध उतू जातंय!" लेक म्हणाली, "एकटे आहात ना?" मी म्हटलं, हो, अगदी एकटा.

६ मार्च

नर्सबाईंनी आज दार उघडलं नाही. दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदा ढकललं. आतल्या खोलीत पडून होत्या. अंगात सणकून ताप. मला पाहून उठायला लागल्या.

"तुमचा रक्तदाब..."

"खड्ड्यात गेला माझा रक्तदाब! पडून राहा."

मी त्यांच्यावर ओरडलो. चौतीस वर्षांत मी मालगाडीवरसुद्धा ओरडलो नव्हतो. दूधवालीच्या हाती डॉक्टरला निरोप पाठवला, चहा केला, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. दुपारपर्यंत बसून होतो. करमेना म्हणून चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता म्हणायला लागलो. तिसऱ्या कडव्यात अडलो. नेहमी तिथेच अडतो. नर्सबाईंनी डोळे न उघडता पुढची ओळ म्हटली. मग त्याच्या पुढची. शेवटपर्यंत.

"तुम्हाला येते?"

"बाळंतिणींना म्हणून दाखवायचे. कळांच्या मधल्या वेळात." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाहेर कोठडीत तुम्ही म्हणायचात ना, ते दवाखान्यापर्यंत ऐकू यायचं. वारा या बाजूचा असला की."

मी उठून कपाळावरची घडी बदलली.

११ मार्च

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून बरं. आता सकाळी मी जातो, पट्टा बांधून घेतो, मग त्यांचा तापमापक मी धरतो. डायरीत दोन रकाने झाले.

१९ मार्च

लेक आली. मोठी रिकामी बॅग घेऊन. ती बॅग पाहिली आणि मी चहा टाकायला आत गेलो.

तुतीला पालवी फुटलीये. तिला दाखवली नाही. तिने स्वतःच पाहिली.

२० मार्च

सात वाजता दूधवाली, सव्वासातला न्हावी, साडेसातला चाळणी. लेक ओट्यापाशी उभी राहून बघत होती. न्हाव्याने "केस वाढलेत का बघायला आलो" म्हटल्यावर तिने तोंडावर पदर धरला. मग, शिंप्याकडे जाऊन येते म्हणाली. या खेपेस तासाभरात आली. डोळे लाल होते. गिरणीवरून आली असावी, तिथे पीठ फार उडतं.

जेवण झाल्यावर मी ठरवलं, आपणच विषय काढायचा.

"हे बघ, मी पडलो नाही. एकदा पाय सरकला, तो धरून सांगतो. एकट्याने थंडी काढली. पण समजा तू म्हणालीस की चला, तर सरळ सांगतो, मला येता येणार नाही. माझ्यासाठी नाही म्हणत. नर्सबाई आहेत. त्यांना रोज कुणीतरी बघायला लागतं, आणि त्यांना कळता कामा नये. हे नाजूक काम आहे. गावात माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. परवा मी नसतो तर काय झालं असतं? आणि दूधवालीला म्हशीचा भरवसा नाही, शिंप्याला चष्मा सापडत नाही. या माणसांना असं कसं टाकून येऊ?"

लेकीने बॅग जवळ ओढली. मी मनात म्हटलं, संपलं.

"बरोबर आहे बाबा," ती म्हणाली. "त्यांचं तुमच्याशिवाय कसं व्हायचं."

"मग ती बॅग?"

"तुमचे स्वेटर न्यायला आणलीये. धुवून पाठवते. आता उन्हाळ्यात कशाला लागतात?"

मला स्वेटर धुता येतात. पण म्हटलं, नेऊ दे.

२२ मार्च

लेकीला दुपारच्या बसवर सोडून आलो. थांब्यावर आज का कोण जाणे सगळेच होते. न्हाव्याला वस्तऱ्याची पाती आणायची होती, गिरणीवाल्याला बस वेळेवर येते का बघायचं होतं, नर्सबाई तर इतक्या लांब कधी चालतच नाहीत, त्याही काठी टेकत आलेल्या. लेक एकेकाच्या पाया पडली. शिंप्याच्या पडली तेव्हा तो म्हणाला, "हूक निघाला तर सांग." यावर रडण्यासारखं काय होतं, ते मला कळलं नाही. दोघंही रडत होते.

बस गेली. माणसं आपापल्या वाटेने पांगली. नर्सबाई आणि मी एकाच गल्लीचे, म्हणून बरोबर निघालो. त्यांचे गुडघे लक्षात घेऊन मी मुद्दाम अगदी हळू चालायला लागलो. बघतो तर त्या माझ्याहून हळू. मी आणखी हळू केलं. त्यांनीही. मध्येच थांबून मी म्हटलं, जरा सावलीत बसू या, म्हणजे त्यांना दम घेता येईल. त्या म्हणाल्या, "बसा, बसा, मलाही तेच सुचवायचं होतं," आणि माझा हात धरून मला ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसवलं, जणू मीच दमलो होतो.

थांब्यापासून घर दहा मिनिटांवर आहे. आम्हाला तास लागला. मला काहीच घाई नव्हती, आणि त्यांना एकटं सोडणं बरं दिसलं नसतं.